समान वागणूक की वेगळेपणाची दखल? स्त्रीवादातला जुना वाद, बेळगाव सीमाभागातून पाहताना

११ जून २०२३ रोजी कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्य परिवहनाच्या साध्या व जलद गाड्यांतून राज्यातल्या महिलांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास मिळू लागला. बेळगाव ते खानापूर किंवा चिकोडी ते निपाणी अशी रोजची ये-जा असलेल्या मराठी कुटुंबांत तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : बायकांना पुरुषांच्या बरोबरीचे हक्क हवेत, मग तिकीट तेवढे का नको? हा प्रश्न पुष्कळदा चिडून विचारला जातो, परंतु तो उथळ मुळीच नाही. त्याच्या पोटात दोन मागण्या आहेत. बाई म्हणून मला वेगळे काढू नका, पुरुषाला जे नियम तेच मला लावा, ही एक. माझे आयुष्य पुरुषाच्या आयुष्याहून वेगळ्या तऱ्हेने घडते, ते लक्षात घेऊन नियम करा, ही दुसरी. पहिली मागणी समानतेची आणि दुसरी वेगळेपणाची. एकाच चळवळीने या दोन्ही मागण्या एकाच वेळी कशा कराव्यात, यावर स्त्रीवादी विचारवंतांमध्ये दोनशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे.

समानतेची बाजू आधी पाहू, कारण ती इतिहासात आधी आली. सारख्यांना सारखे वागवावे, हे न्यायाचे सूत्र ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले आहे; पण त्याच सूत्राच्या आधारे शतकानुशतके असेही सांगितले गेले की स्त्री पुरुषासारखी नसल्यामुळे तिला वेगळे वागवणे हाच न्याय. इंग्लिश लेखिका मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी १७९२ साली या दुसऱ्या पायरीवरच घाव घातला. विवेकबुद्धीला लिंग नसते, स्त्रिया दुबळ्या किंवा चंचल दिसत असतील तर ते त्यांना मिळालेल्या अपुऱ्या शिक्षणाचे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८६९ साली इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी तोच धागा पुढे नेला : आज ज्याला आपण स्त्रीस्वभाव म्हणतो तो दडपणाखाली घडवलेला स्वभाव आहे, मोकळ्या वातावरणात वाढलेली स्त्री कशी असेल हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. आपल्या भाषेत ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना वेगळी वाट घेतली. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांतही तितकाच, किंबहुना अधिक, कसा आढळतो हे त्यांनी दाखवले. विद्वत्तेचा आव न आणता केलेला तो युक्तिवाद आजही तितकाच धारदार आहे.

या बाजूने मिळवून दिलेले लाभ थोडे नाहीत. मतदान, पदवी, मालमत्ता आणि नोकरी यांची दारे याच युक्तिवादाने उघडली. भारतीय परराष्ट्र सेवेतील महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागत असे, सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. पुरुष अधिकाऱ्याला जी अट नाही ती बाईला का, एवढा एकच प्रश्न तिथे पुरेसा होता.

अडचण सुरू होते ती पुरुषाशी थेट तुलना करता येत नाही अशा ठिकाणी. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात कामगारांसाठी एक विमा योजना होती. आजारपणामुळे काम बंद पडले तर तिच्यातून भरपाई मिळे, मात्र सामान्य गर्भारपण आणि बाळंतपण तिच्यातून वगळलेले होते. १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा लिंगभेद नव्हे, कारण योजना स्त्री आणि पुरुष असा फरक करत नसून गर्भवती व्यक्ती आणि गर्भवती नसलेल्या व्यक्ती असा फरक करते. शब्दांच्या पातळीवर हा निर्णय निर्दोष वाटतो. तरीही ज्या आजारांसाठी पुरुषाला भरपाई मिळते त्या सगळ्यांसाठी ती बाईलाही मिळते, आणि जे फक्त बाईलाच होते त्यासाठी कोणालाच मिळत नाही, अशी ही समानता होती. मापाची पट्टी पुरुषाच्या अंगावरून बेतलेली आहे, हे तिथे बहुमताच्या निर्णयाने लक्षातच घेतले नाही. पुढे १९७८ साली अमेरिकेच्या संसदेला कायदा करून गर्भारपणावरून होणारा भेदभाव हा लिंगभेदच होय, असे स्पष्टपणे लिहावे लागले.

आपल्या भागातल्या वाचकांना ही अडचण समजावून सांगण्यासाठी परदेशी खटल्याची खरे तर गरज नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी माणसाने ती भाषेच्या बाबतीत अनुभवलेली आहे. सरकारी सूचना, उतारे आणि अर्ज सर्वांना एकाच भाषेत, म्हणजे कन्नडमध्ये मिळतात, तेव्हा कागदोपत्री कोणावरही अन्याय झालेला नसतो. प्रत्येकाला तोच कागद मिळतो. तरीही ती भाषा ज्याच्या घरात बोलली जाते त्याला आणि जिला ती वाचता येत नाही त्या म्हातारीला तो कागद सारखा मिळत नाही, हे येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब घालून भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय आणि अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी यांची तरतूद केली. एखाद्या भागात १५ टक्के किंवा त्याहून अधिक लोक अल्पसंख्याक भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे मान्य झालेले सूत्र येथील मराठी चळवळीने सातत्याने पुढे केले आहे. या मागणीला कोणी सवलत म्हटले तर आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे, कारण इतरांना जे आपोआप मिळते तेवढेच आपण मागत असतो. स्त्रियांच्या बाबतीत हाच युक्तिवाद ऐकताना मात्र आपल्यापैकी अनेकांना तो पक्षपाताचा वाटतो. एकाच न्यायाची ही दोन मापे का व्हावीत, हे मला कळत नाही, आणि या लेखामागची कळकळ तीच आहे.

वेगळेपणाची बाजू मांडणाऱ्या विचारवंतांनी पट्टीच बदलायला सुरुवात केली. त्यांतले सर्वांत गाजलेले उदाहरण मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचे आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी माणसाचा नैतिक विकास मोजण्यासाठी पायऱ्या ठरवल्या होत्या आणि त्यांचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर आधारलेला होता. त्यांच्या चाचणीत एक पेच विचारला जाई : एका माणसाची बायको मरणाच्या दारात आहे, औषध महाग आहे, दुकानदार किंमत कमी करायला तयार नाही; नवऱ्याने ते चोरावे का? अकरा वर्षांचा जेक म्हणतो की मालमत्तेपेक्षा जीव मोठा, म्हणून चोरावे. त्याच वयाची एमी म्हणते की चोरी करू नये, पण बायकोही मरू नये; पैसे उसने मिळवता येतील, दुकानदाराशी बोलता येईल, आणि नवरा तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे पाहणार कोण? कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर एमी जेकच्या खाली येते. गिलिगन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले की एमी कमी विचार करत नाही, ती वेगळा विचार करते. तत्त्वांची उतरंड लावण्यापेक्षा नाती तुटू न देता मार्ग काढण्याकडे तिचा कल आहे. यातून काळजी आणि जबाबदारी यांवर उभी राहिलेली नीतिविचाराची एक स्वतंत्र शाखा पुढे आली. फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ ल्यूस इरिगारे आणखी पुढे गेल्या. पाश्चात्य तत्त्वज्ञानाने स्त्रीला पुरुषाचे अपुरे प्रतिबिंब म्हणूनच पाहिले, म्हणून त्याच आरशात बरोबरी मागणे व्यर्थ आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या विचाराचे बळ मोठे आहे, पण त्यातला धोकाही तितकाच मोठा आहे, आणि त्या धोक्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर देवाला सोडलेल्या मुलींना इतर स्त्रियांहून वेगळे स्थान होते. जोगतिणीचा मान वेगळा आणि तिचा आशीर्वादही वेगळा. या मानाची किंमत म्हणजे लग्नाचा, संसाराचा आणि स्वतःच्या देहावरचा हक्क गमावणे, ती किंमतही बहुतांशी दलित घरांतल्या मुलींनीच मोजायची. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. वेगळेपणाचा कितीही गौरव केला तरी निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला तर त्या गौरवातून न्याय मिळत नाही, हे येथे फार महाग पडून शिकावे लागले आहे.

न्यायालयांतही हेच घडले. अमेरिकेत १९०५ साली बेकरीतील कामगारांच्या तासांवरची मर्यादा करारस्वातंत्र्याच्या नावाने रद्द झाली. मात्र १९०८ साली ओरेगन राज्यातील कारखान्यांत आणि धुलाईकेंद्रांत स्त्रियांना दिवसाला दहा तासांहून अधिक काम देऊ नये हा कायदा टिकला, कारण स्त्रीचे शरीर आणि मातृत्व यांना संरक्षणाची गरज आहे असे न्यायालयाने मानले. थकलेल्या कामगार स्त्रियांना त्याने खराखुरा दिलासा दिला. पण ज्या कारणासाठी दिलासा दिला तेच कारण नंतर बायकांना रात्रपाळी, जादा कमाई आणि बढती नाकारण्यासाठीही वापरता आले. तरीही १९२३ साली समान हक्कांची घटनादुरुस्ती मांडली गेली तेव्हा मिळालेला दिलासाही जाईल या भीतीने तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत कामगार स्त्रियांसाठी आयुष्य वेचलेल्या कार्यकर्त्या होत्या. दोन्ही बाजूंना स्त्रियांचे भलेच हवे होते.

या वादाचा कस लागला तो सीअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीवरच्या खटल्यात. तिथे कमिशनवर मिळणाऱ्या, अधिक कमाईच्या विक्रीच्या नोकऱ्यांत बायका फार कमी होत्या, म्हणून समान संधी आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीचा बचाव असा की बायकांना अशा चढाओढीच्या नोकऱ्या नकोच असतात. स्त्री-इतिहासाच्या एका अभ्यासिकेने कंपनीच्या बाजूने साक्ष दिली की स्त्रियांचा कल, त्यांची मूल्ये पुरुषांहून वेगळी असतात. दुसऱ्या तितक्याच नामवंत अभ्यासिकेने आयोगाच्या बाजूने सांगितले की संधी मिळाली तेव्हा स्त्रियांनी अशी कामे स्वीकारलेली आहेत. १९८६ साली कंपनी जिंकली आणि १९८८ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. वेगळेपणाविषयी आस्थेने केलेले संशोधन कमी पगाराचे समर्थन म्हणून वापरले गेले. स्त्रीवादी अभ्यासकांना बसलेला हा धक्का फार मोठा होता.

इतिहासकार जोन स्कॉट यांनी या खटल्यावर लिहिताना जे दाखवून दिले ते मला या संपूर्ण वादातले सर्वांत मोलाचे वाटते. समानता आणि वेगळेपण यांतून एकाची निवड करा, असा पेचच मुळात चुकीचा मांडलेला आहे, असे त्या म्हणतात. समानतेच्या विरुद्ध टोकाला वेगळेपण नसून विषमता असते. जे तंतोतंत एकसारखे आहेत त्यांना समान हक्क मागण्याची वेळच येत नाही. समानतेची मागणी नेहमी वेगवेगळ्या माणसांकडूनच येते, आणि अमुक एका बाबतीत आमच्यातला फरक मोजू नका, असे ती सांगते. अमेरिकन कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी याला सत्तेची जोड दिली. त्यांच्या मते समान वागणूक आणि वेगळी वागणूक या दोन्ही मार्गांत पुरुष हाच मोजमापाचा आधार राहतो : एकीकडे बाईने त्याच्यासारखे व्हायचे, दुसरीकडे तो जसा नाही तसे राहायचे. खरा प्रश्न फरक किती हा नसून त्या फरकाच्या आधाराने कोण कोणावर सत्ता गाजवतो, हा आहे. गिलिगन यांच्यावरही त्यांचा आक्षेप होता की स्त्रिया काळजी घेण्याला महत्त्व देतात, कारण पुरुषांनी स्त्रियांची किंमत त्याच कामावरून ठरवली.

निपाणीचा तंबाखू व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवला की हे सारे तत्त्वज्ञान जमिनीवर येते. तेथील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बहुतांश स्त्रियाच; १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या संघटित झाल्या आणि छाया दातार यांनी त्यांच्या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला. बायकांची बोटे चपळ असतात, बसून करायचे काम त्यांनाच जमते, ही वेगळेपणाची स्तुती तेथे कायम ऐकू येते, आणि तीच स्तुती त्या कामाला बायकी व म्हणून स्वस्त ठरवते. दुसरीकडे हजार विड्यांमागचा दर कामगार कोण आहे हे पाहत नाही, तो सर्वांना सारखा असतो. पण मांडीवर मूल, चुलीवर भात आणि समोर पानांची टोपली अशा स्थितीत विड्या वळणारी बाई किती हजार वळणार, याचा विचार त्या सारख्या दरात कुठेच नसतो. म्हणजे एकाच बाईला वेगळेपणाचा तोटा होतो आणि समानतेचाही. तिच्या बाजूने उभे राहायचे तर पाळणाघर मागताना ती वेगळी आहे असे म्हणावे लागेल आणि योग्य दर मागताना ती इतर कोणत्याही कुशल कामगाराच्या तोडीची आहे असे म्हणावे लागेल. यात विसंगती नाही, कारण दोन्ही मागण्यांनी काढून टाकायचे ओझे एकच आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी हीच दृष्टी ठेवली होती. स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्याने तिच्या बाळंतपणाच्या काळाचा भारही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे आणखी एक गाठ आहे. स्त्री असा एकवचनी शब्द वापरताना कोणती स्त्री आपल्या मनात असते? अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली दाखवले की कृष्णवर्णीय स्त्रीवरचा अन्याय वंशभेद आणि लिंगभेद असे दोन वेगळे हिशेब मांडून समजत नाही, कारण दोन्ही तिच्यावर एकदमच येतात. आपल्याकडे १९९५ साली राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे बोलतात हे ठामपणे मांडले. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ साली त्यावर महत्त्वाची भर घातली : त्या वेगळ्या आहेत, त्यांचे त्या पाहतील, असे म्हणून सवर्ण स्त्रीवाद्यांनी हात झटकले तर वेगळेपणाची ही मान्यता जबाबदारी टाळण्याचा मार्ग ठरेल, दलित स्त्रियांच्या अनुभवातून दिसणारे जातीचे आणि लिंगभावाचे वास्तव सर्वच स्त्रीवाद्यांनी आपल्या विचाराचा पाया केले पाहिजे. सीमाभागात या गाठीला भाषेचाही पीळ आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या स्त्रिया येथे शेजारी राहून एकाच प्रकारची मजुरी करतात. प्रत्येक भाषिक समाज आपापल्या स्त्रियांना अस्मितेचे प्रतीक मानतो, मिरवणुकीत पुढे चालवतो, मात्र निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्यांना क्वचितच बसवतो. पंचायतींत १९९३ पासून घटनेने एक तृतीयांश आणि कर्नाटकात २०१० पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, म्हणून निदान तिथे तरी हे चित्र हलले.

भारतीय घटनेने हा वाद सोडवलेला नाही, पण तो झेलण्याची जागा करून ठेवली आहे. कलम १५(१) लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करते आणि कलम १५(३) स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा देते. या मुभेचा उपयोग कसा होईल हे मात्र न्यायाधीशांच्या दृष्टीवर अवलंबून राहिले. व्यभिचाराच्या गुन्ह्यात केवळ पुरुषालाच शिक्षा देणारे कलम १९५४ साली स्त्रियांसाठीची विशेष तरतूद म्हणून वैध ठरले. तेच कलम २०१८ साली रद्द झाले, कारण ते पत्नीला पतीची मालमत्ता मानत होते, हे तोवर उघड झाले होते. मद्यविक्री होणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी देण्यास बंदी घालणारी तरतूद २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि स्त्रियांचे रक्षण म्हणून केलेला कायदा जुन्या समजुतींनाच बळकटी देतो का, हे तपासले पाहिजे असे सांगितले. मला ही कसोटी व्यवहारात सर्वांत उपयोगी वाटते : विशेष तरतूद बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरवते की ते ओझे तिचेच आहे असे पक्के करते?

या कसोटीवर मोफत प्रवास बऱ्यापैकी टिकतो. खेड्यातल्या बाईच्या हातात बहुधा स्वतःचा पैसा नसतो; बाजार, दवाखाना, नोकरी किंवा माहेर गाठण्यासाठी तिला भाडे मागावे लागते आणि मागितले की कारण सांगावे लागते. तिकिटाची अडचण गेली की विचारण्याची अडचणही कमी होते. कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये देणारी गृहलक्ष्मी योजना मला त्याहून गुंतागुंतीची वाटते. तिने घरकामाची रोख दखल घेतली हे खरे, पण घर हे बाईचेच क्षेत्र आहे या समजुतीला तिने हात लावला नाही.

मासिक पाळीच्या रजेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कर्नाटक मंत्रिमंडळाने २०२५ साली दरमहा एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस पगारी रजेचे धोरण मंजूर केले. बिहारने सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १९९२ पासूनच दोन दिवसांची रजा दिलेली आहे. दुसरीकडे अशी रजा सक्तीची केली तर मालक बायकांना कामावर घेणेच टाळतील, अशी भीती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली व्यक्त केली. ही भीती काल्पनिक नाही, पण तिचे मूळ बाईच्या शरीरात नाही. ते खर्च कोणावर पडतो यात आहे. प्रसूती रजा २०१७ साली १२ वरून २६ आठवडे झाली, तेव्हाही त्या रजेचा पगार मालकानेच द्यायचा होता आणि वडिलांच्या रजेची तरतूद त्या कायद्यात नव्हतीच. साहजिकच बाईला नोकरी देणे महाग आणि पुरुषाला देणे स्वस्त, असा हिशेब मांडला जातो.

अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी १९९४ साली या हिशेबावर तीन उत्तरे तपासली. बायकांनीही पुरुषांसारखे पूर्णवेळ कमावते व्हावे, हे पहिले. घरातल्या कामाला मोबदला देऊन ते कमाईच्या बरोबरीने मानावे, हे दुसरे. पहिल्यात पट्टी पुरुषाचीच राहते आणि दुसऱ्यात बाई घरातच राहते. तिसरे, म्हणजे त्यांचे स्वतःचे उत्तर असे की नोकरीची रचनाच अशी धरून करावी की प्रत्येक कामगारावर, स्त्री असो वा पुरुष, कोणाची तरी काळजी घेण्याची जबाबदारी आहे. तसे झाले तर वडिलांची रजा, पाळणाघर आणि आजारी माणसासाठीची सुट्टी या बायकांच्या सवलती न राहता नोकरीच्या साध्या अटी होतील. यातला निदान एक भाग तरी फार दूरचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात हे लाभ मालकाने एकट्याने न देता सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून द्यावेत असे लिहिलेले आहे, आणि भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.